अँटिग्वाला निघालेल्या भाचीस तेरहून पत्र

चि. सोनूस,


तू पाठवलेली यादी वाचली. ग्वाटेमालातलं अँटिग्वा, पाठीवर सॅक, सोबत एक मैत्रीण. पिवळी कमान, पडक्या कॅथेड्रलच्या भिंती, क्रूसाची टेकडी, कॉफीचे मळे, अकातेनांगो डोंगरावर तंबूतली रात्र, एप्रिलातल्या पवित्र आठवड्याच्या मिरवणुका, असं सगळं तारीखवार मांडलं आहेस. तू जावंस असं मला मनापासून वाटतं. तुझ्या आईशी मी बोललो आहे. तिची काळजी खोटी नाही, पण तिने नाही म्हटलेलं नाही.

माझं एकच मागणं आहे. जाण्याआधी, येळवसच्या सणाच्या सुमारास, चार दिवस तेरला ये. आजोळी म्हणून तू लहानपणी पुष्कळदा आलीस, पण ते घर होतं, गाव नव्हतं. या वेळी परक्या गावात उतरल्यासारखी ये. सॅक घेऊनच ये, म्हणजे तिचं वजनही इथेच कळेल. पुण्याहून लातूरकडची गाडी धरून धाराशिवला उतर आणि तिथून एसटीने ये. मी न्यायला येणार नाही. गावाची वाट विचारत येण्याची सवय इथूनच लागू दे.

तेरच का, ते सांगतो. अँटिग्वात अवशेष उभे आहेत. 1543 साली स्पॅनिश लोकांनी ते शहर वसवलं, कारण त्यांची आधीची राजधानी 1541 मध्ये आग्वा ज्वालामुखीच्या उतारावरून आलेल्या चिखलाच्या लोंढ्यात गाडली गेली होती. 1773 च्या भूकंपांत हेही शहर ढासळलं आणि 1776 मध्ये राजधानी तिथून हलवली. लोकांनाही निघून जाण्याचे हुकूम झाले, पण काही माणसं हटली नाहीत, म्हणून आज तू तिथे जाऊ शकतेस. 1979 साली ते जागतिक वारसा ठरलं. आता तिथे पडकी भिंतसुद्धा झाडूनपुसून ठेवलेली असते, तिकीट असतं, पाटी असते. अशा ठिकाणी माणसाला फार लवकर वाटतं की आपण शहर पाहिलं. तेरला तसं वाटायची सोय नाही. इथलं शहर जमिनीखाली आहे आणि वर आपण राहतो. इथे विचारल्याशिवाय, थांबल्याशिवाय, खाली मान घालून चालल्याशिवाय काहीच हाती लागत नाही. ही नजर इथे तयार कर आणि मग तिकडे जा.

पहिला दिवस त्रिविक्रमाला दे, आणि पूर्ण दे. देऊळ लहान आहे, दहा मिनिटांत फिरून होईल, आणि म्हणूनच दिवसभर थांबायला सांगतो आहे. सकाळी पाठीमागून सुरुवात कर. मागची भिंत गोल वळते आणि वरचं छप्पर हत्तीच्या पाठीसारखं आहे, म्हणून त्याला गजपृष्ठाकार म्हणतात. मग पुढे येऊन वर बघ. दर्शनी बाजूला चैत्यकमान दिसेल, कार्ले-अजिंठ्याला डोंगर कोरून केली आहे तशीच, पण इथे विटेत बांधलेली. हेन्री कझिन्स यांनी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला इथली पाहणी केली तेव्हा त्यांनी हे मूळचं बौद्ध चैत्यगृह मानलं. सगळ्या अभ्यासकांना ते पटलेलं नाही. आत आज त्रिविक्रम उभा आहे, बळीला दाबणारा, एक पाय उचललेला. विटेची इतकी जुनी वास्तू छपरासकट उभी राहिलेली आपल्या देशात फार थोडी ठिकाणं दाखवता येतील. दुपारी ऊन कलतं तेव्हा विटांचे सांधे स्पष्ट दिसतात. त्या वेळी वही काढ आणि चित्र काढ, कितीही वेडंवाकडं येऊ दे. फोटो काढायला एक क्षण लागतो. चित्र काढायला बसलं की विटा मोजाव्या लागतात, आणि मोजताना कळतं की मागचा भाग एका काळचा आणि पुढचा सपाट छपराचा मंडप दुसऱ्या काळचा.

हीच रीत अँटिग्वात वापर. तुझ्या यादीत त्या पिवळ्या कमानीपुढे फोटो काढायचा आहे. काढ, पण ती कमान का बांधली तेही लक्षात ठेव. रस्त्याच्या एका बाजूला ख्रिस्ती जोगिणींचा मठ होता, दुसऱ्या बाजूला त्याचीच वाढवलेली इमारत. बाहेरच्या जगाला तोंड दाखवायचं नाही असं व्रत घेतलेल्या त्या बायकांना रस्ता ओलांडता यावा म्हणून ती वरून जाणारी झाकलेली वाट केली. खाली लोक फोटो काढतात, त्यांच्या डोक्यावरून कधीकाळी त्या बायका कुणाला न दिसता जात होत्या.

दुसरा दिवस वस्तुसंग्रहालयाचा. रामलिंगप्पा लामतुरे हे आपल्याच गावचे. शेतात, नदीकाठी, पांढरीवर लोकांना जे सापडे ते त्यांनी वर्षानुवर्षं जमवलं, आणि पुढे तो संग्रह सरकारकडे गेला. आज ते त्यांच्याच नावाचं शासकीय संग्रहालय आहे. मणी, भाजक्या मातीच्या आणि शाडूच्या बाहुल्या, शंखाच्या बांगड्या, सातवाहनांची नाणी, रोमन धाटणीचे दिवे बघ. उत्तरेश्वराच्या देवळाची कोरीव लाकडी चौकट आहे, तिच्यासमोर उभी राहा. इतकं जुनं लाकूड आपल्या हवेत सहसा टिकत नाही.

आणि हस्तिदंताची ती स्त्रीमूर्ती चुकवू नकोस. इटलीत व्हेसूव्हियस इ.स. 79 मध्ये फुटला आणि पॉम्पेई राखेखाली गेलं. 1938 साली तिथल्या एका घरात भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तेरची मूर्ती आणि जालन्याकडच्या भोकरदनला सापडलेली मूर्ती तिच्याशी इतक्या जुळतात की काही अभ्यासक पॉम्पेईची मूर्ती आपल्याच भागातून गेली असं मानतात. अकातेनांगोवर बसून तू शेजारचा फ्वेगो ज्वालामुखी धुमसताना बघशील, तेव्हा हे आठवेल.

ती मूर्ती पॉम्पेईपर्यंत गेली कशी? इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या इजिप्तकडच्या कुणा दर्यावर्दी व्यापाऱ्याने बंदरांची एक वाटाड्या-वही लिहिली, ‘पेरिप्लस’. त्यात तो सांगतो की भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आहे आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, फार मोठं शहर. तगराहून साधं कापड आणि मलमलीचे नाना प्रकार गाड्यांवर लादून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जात. टॉलेमीनेही तगराचं नाव घेतलं आहे. हे तगर कुठलं यावर विद्वानांचे वर्षानुवर्षं वाद चालले. कुणी जुन्नर म्हणालं, कुणी दौलताबाद. 1901 च्या सुमारास फ्लीट या अभ्यासकांनी ते आपलं तेर हे दाखवून दिलं आणि ते मान्य झालं. शहर ओसरल्यावर कित्येक शतकांनी कोकणातले आणि कोल्हापूरकडचे शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत होते. राज्य दुसरीकडे, पण मिरवायचं नाव आपल्या गावाचं.

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहितो आहे ते. तिसऱ्या दिवशी तू बैराग टेकडीकडे, नदीकाठी फिरशील. पाऊस उघडल्यावर किंवा नांगरटीनंतर तिथे खापरं वर येतात, कधी एखादा मणी चमकतो. उचलू नकोस. खिशात तर मुळीच टाकू नकोस. मणी कुठल्या थरात, कशाशेजारी, किती खोल होता यावरच त्याचं बोलणं अवलंबून असतं. तो तुझ्या टेबलावर आला की नुसता रंगीत खडा उरतो. तू म्हणशील, लामतुऱ्यांनी तरी दुसरं काय केलं? त्यांनी जमवलं ते गावात ठेवलं, सर्वांना बघता येईल असं ठेवलं, आणि ज्या काळात ते जमवलं नसतं तर नांगराखाली फुटलं असतं किंवा विकलं गेलं असतं त्या काळात जमवलं. तुला काही दिसलं तर जागेची खूण लक्षात ठेव आणि संग्रहालयात जाऊन सांग. 1972 च्या पुरावस्तू कायद्याने परवान्याशिवाय अशा वस्तूंचा व्यापार आणि देशाबाहेर पाठवणं हा गुन्हा आहे. अँटिग्वातही कुणी कानाशी लागून ‘जुनी मायन मूर्ती आहे’ असं म्हणेल. खरी असली तर ती चोरीची आहे, खोटी असली तर तू फसलीस. दोन्ही वेळा आपली वाट धर.

विकत घ्यायचं तर कापड घे. अँटिग्वाच्या आसपासच्या काक्चिकेल बायका, विशेषतः सान अंतोनियो आग्वास काल्येंतेस गावच्या, मागाचं एक टोक खांबाला आणि दुसरं पट्ट्याने स्वतःच्या कमरेला बांधून विणतात. एका उइपिलला, म्हणजे त्यांच्या सैल पोलक्याला, महिने जातात. बाजारात यंत्रावरचं स्वस्त मिळेल आणि तेच हातमागाचं म्हणून सांगतील. विणणारीच्या अंगणात जा, बस, आधी किती दिवस लागले ते विचार आणि मग भाव विचार. घासाघीस करून पैसे वाचवल्याचं मला सांगू नकोस. तगराच्या विणकराचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. त्याचं कापड ज्या बंदराला गेलं त्या बंदराचं नाव तेवढं राहिलं. तू निदान त्या बाईचं नाव विचारून घे आणि वहीत लिही.

संत गोरोबाकाका कुंभारांच्या समाधीला तू जाशीलच, ते सांगायला नको. तुडवता तुडवता चिखलात गेलेलं मूल आणि संतांच्या डोक्यावर थापटण्याने मारून पाहिलेली कच्ची-पक्की मडकी, या दोन्ही कथा तुला लहानपणापासून माहीत आहेत. पण कुंभाराचं काम नीट बसून तू कधी बघितलेलं नाहीस. कुठे चाक चालू असेल तर परवानगी घेऊन बघ. माती मळणं, राख मिसळणं, थापटणं, वाळवणं आणि शेवटी आवा लावणं यात किती हात लागतात ते पाहिल्यावर त्या कथा वेगळ्या ऐकू येतील. चैत्र वद्यात त्यांची पुण्यतिथी असते. यात्रेत इकडे दिंड्या येतील त्याच्या थोडं आधी तिकडे तू रंगीत भुशाच्या रांगोळ्यांनी भरलेल्या रस्त्यांवर मिरवणुकीची वाट बघत असशील. त्या रांगोळ्या रात्रभर जागून काढतात आणि मिरवणूक त्यांच्यावरूनच जाते. बघायला जाण्याऐवजी आदल्या रात्री भुसा चाळायला मदत करू का असं विचार. बहुधा हो म्हणतील.

डोंगराबद्दल थोडक्यात. अकातेनांगो 3,976 मीटर आहे, आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. तिथे थंडीने माणसं दगावलेली आहेत, आणि 2018 मध्ये फ्वेगोच्या उद्रेकात पायथ्याची वस्ती गाडली गेली. वाटाड्याशिवाय जायचं नाही, गरम कपडे तिथे भाड्याने मिळतील या भरवशावर राहायचं नाही, आणि वाटाड्याने परत फिर म्हटलं तर त्याच क्षणी फिरायचं. पैसे भरले आहेत हे कारण नाही. आणि स्पॅनिश जाण्याआधी शिक. शिकवणी तिथे घे, पण ‘माफ करा’, ‘परवानगी आहे का’, ‘आभारी आहे’ एवढं तोंडात बसवूनच विमानात बैस.

यादीचं म्हणशील तर ती निम्मी कर. दिवसाला एक ठिकाण, आणि एक दिवस पूर्ण मोकळा. तो मोकळा दिवस कसा घालवावा हे येळवसला कळेल. त्या दिवशी गाव ओस पडतं, सगळे शेतात. कडब्याची खोप, तिच्यात चुना लावलेले पांडव, मोठ्या पातेल्यातली भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातली आंबील. वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात. तू जेव, आणि मग वाटेवर उभी राहून हाका मारायचं काम तू कर. परक्या गावात पाहुणी म्हणून जाणाऱ्याने एकदा यजमानाच्या जागी उभं राहून बघावं.

येळवस अमावास्येला असते, तारीख कॅलेंडरात बघून आधी फोन कर. आदल्या संध्याकाळपर्यंत पोच, कारण पहाटेच स्वयंपाक उरकून सगळे शेताकडे निघतात आणि त्यानंतर घराला कुलूप असतं. संग्रहालयाची सुटी कधी ते मी विचारून ठेवतो. मैत्रिणीला घेऊन ये. आईला माझा नमस्कार सांग.

तुझा,
मामा
तेर, जि. धाराशिव