दुर्बीण माळावर की बाजारात?

प्रश्न : शाळेत सहा इंची दुर्बीण आली आहे. आकाशदर्शन गावाबाहेर, अमावास्येच्या अंधारातच करायचे असते असे सगळे सांगतात. पण मग बाया, म्हातारी माणसे, तांड्यावरची, मोहल्ल्यातली मंडळी कशी येणार?
– एक शिक्षिका, राणीसावरगाव

उत्तर : बाई, दुर्बीण आठवडी बाजाराच्या वाटेवर लावा. अंधार लागतो तो देवयानी दीर्घिकेसाठी, तेजोमेघांसाठी. चंद्र, गुरू आणि शनी यांना रस्त्यावरच्या दिव्यांचा काही अडथळा होत नाही.

जॉन डॉब्सन यांनी हेच केले. रामकृष्ण संघाच्या सॅन फ्रान्सिस्को आणि नंतर सॅक्रामेंटो येथील मठांत मिळून ते 23 वर्षे राहिले. टाकाऊ काचा घासून ते दुर्बिणी बनवत आणि आजूबाजूच्या लोकांना त्यातून आकाश दाखवत. त्यापायी 1967 मध्ये त्यांना मठ सोडावा लागला. मग पदपथावर दुर्बीण मांडून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून चंद्र दाखवू लागले. प्लायवूडच्या बैठकीवर फिरणारी ती साधी दुर्बीण आज जगभर ‘डॉब्सोनियन’ म्हणून ओळखली जाते.

दिवस निवडताना अमावास्या नको आणि पौर्णिमाही नको. पौर्णिमेला चंद्रावर ऊन समोरून पडते, सावल्या उरत नाहीत आणि बिंब सपाट दिसते. शुद्ध सप्तमी-अष्टमीला उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर सावल्या लांब पडतात, त्यामुळे विवरांचे काठ उठून दिसतात. शिवाय तो चंद्र सूर्यास्तालाच डोक्यावर असतो. सात ते नऊ या वेळात कार्यक्रम उरकतो आणि बायकांना रात्री उशिरापर्यंत थांबावे लागत नाही.

जागा शाळेपुढची किंवा स्टँडजवळची असावी, जिथे कोणालाही ‘आपण इथे यावे का’ असा विचार करावा लागणार नाही. चंद्राची सवय तर सगळ्याच घरांना आहे. संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहतात, ईदला पश्चिमेची बारीक कोर शोधतात, वैशाखी पौर्णिमेला बुद्धजयंती असते.

ताऱ्यांची नावे मात्र तुम्ही एकट्याच सांगू नका. कृत्तिकांच्या पुंजक्याला अरबी-उर्दूत ‘सुरैया’ म्हणतात. रोहिणीचे ‘अल्डेबरान’ हे नावही अरबीतूनच आले. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी गोंड वस्त्यांमधले आकाशज्ञान नोंदवले आहे. त्यात सप्तर्षींचा चौकोन म्हणजे खाट आणि मागचे तीन तारे म्हणजे ती पळवू पाहणारे चोर! अशा गोष्टी तुमच्या रांगेतही निघतील.

मृगाचेच घ्या. जूनमध्ये ‘मृग निघाला’ की पेरणीची घाई होते, पण तेव्हा सूर्यच मृगाजवळ असल्याने ते तारे दिसत नाहीत. डिसेंबरमध्ये तेच मृग संध्याकाळनंतर पूर्वेला उगवते. ज्याने जन्मभर पावसासाठी त्याचे नाव घेतले, त्या शेतकऱ्याला ते बोटाने दाखवा. माझ्या मते दुर्बिणीतल्या शनीच्या कड्यांइतकेच हे मोलाचे आहे.

दोन गोष्टी सांभाळा. लहान मुलांसाठी भक्कम स्टूल ठेवा. आणि दिवसा दुर्बीण झाकून, कुलपात ठेवा. तिच्यातून सूर्याकडे क्षणभर पाहिले तरी डोळा कायमचा जाऊ शकतो.

रांगेशेजारी एक वही ठेवा. आजीबाई, चाचा, तांड्यावरचे नाईक ताऱ्यांची जी नावे सांगतील ती त्यांच्याच शब्दांत उतरवा आणि आम्हाला जरूर कळवा.