पिशवी काढण्याआधी एक तपासणी



आरोग्याच्या पानावर या महिन्यात थोडा अवघड विषय घेतला आहे. सभेत मोठ्याने बोलायला आपण लाजतो, पण कर्जाच्या अर्जावर मात्र तो विषय बरोबर उतरतो. गेल्या वर्षभरात गटांच्या नोंदवह्या बघताना अंतर्गत कर्जाच्या कारणात 'शेती', 'शेळी', 'मुलीची फी' याच्या जोडीला 'पिशवीचं ऑपरेशन' हे कारण मला वारंवार दिसलं. अर्ज करणाऱ्या बऱ्याच ताया चाळिशीच्या आतल्या. "का काढताय?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "अंगावरून पांढरं जातंय, डॉक्टर म्हणाले पुढं कॅन्सर होईल."

तर कॅन्सर होणार की नाही हे आधीच कळतं का? पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरबाबत तरी बऱ्याच अंशी कळतं. आणि हे ज्या अभ्यासाने जगाला दाखवून दिलं तो अमेरिकेत नाही, आपल्या धाराशिव जिल्ह्यात झाला. धाराशिवचं नाव तेव्हा उस्मानाबाद होतं. ज्यांच्यावर हा अभ्यास झाला त्या आपल्यासारख्याच शेतात राबणाऱ्या बाया होत्या. मला हे एमएसडब्ल्यूला असताना कळलं, तेही इंग्रजी पुस्तकातून. आपल्याच भागातली गोष्ट आपल्यालाच माहीत नाही, म्हणून आज ती सविस्तर सांगते.

आधी हा आजार समजून घेऊ. गर्भपिशवीचा खालचा, योनीत उघडणारा भाग म्हणजे पिशवीचं तोंड. तिथे होणारा कॅन्सर जवळजवळ नेहमीच एका विषाणूमुळे होतो. त्याचं नाव एचपीव्ही. जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन या शास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात हे शोधून काढलं आणि २००८ साली त्याला नोबेल मिळालं. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. लग्न झालेल्या बहुतेक बायांना आणि पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी होतोच, आणि बहुतेकींचं शरीर वर्ष-दोन वर्षांत त्याला आपोआप हाकलून देतं. काही थोड्या जणींच्या अंगात मात्र तो ठाण मांडून बसतो. मग पिशवीच्या तोंडावरच्या पेशी हळूहळू बिघडतात. पेशी बिघडण्यापासून कॅन्सर होईपर्यंत साधारण दहा ते वीस वर्षं जातात.

एवढी मोठी मुदत देणारे आजार फार थोडे. या मुदतीत बिघाड सापडला तर दवाखान्यात थोड्या वेळात तेवढाच भाग गोठवून किंवा भाजून काढता येतो, पिशवी जागेवर राहते. पण आपल्याकडे सापडतो कधी? रक्त जायला लागल्यावर. देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायांना हा कॅन्सर होतो आणि सुमारे ऐंशी हजार जणी दगावतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायांमध्ये ही तपासणी कधीतरी झालेल्या बाया शंभरात दोनही नव्हत्या.

आता धाराशिवच्या अभ्यासाकडे येऊ. बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे, आपल्यापैकी काहींनी नातेवाइकांना तिथे नेलंही असेल. तिथले डॉ. भगवान नेने, मुंबईचं टाटा हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेचे डॉ. शंकरनारायणन यांनी मिळून १९९९ साली काम सुरू केलं. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ धडधाकट बाया घेतल्या. गावांचे ५२ समूह पाडले आणि चिठ्ठी टाकावी तसे त्यांचे चार गट केले. पहिल्या गटातल्या बायांची एचपीव्ही विषाणूची चाचणी झाली. दुसऱ्या गटात पेशी काचेवर घेऊन बघितल्या, ज्याला पॅप म्हणतात. तिसऱ्या गटात पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहिलं. चौथ्या गटाला नेहमीसारखंच ठेवलं, म्हणजे माहिती दिली, पण तपासणी केली नाही. तपासणी प्रत्येकीची फक्त एकदाच. बिघाड सापडला तिला उपचार दिले. मग सगळ्याजणींवर आठ वर्षं लक्ष ठेवलं.

निकाल २००९ साली छापून आला. तपासणी न झालेल्या गटात या कॅन्सरने ६४ बाया गेल्या. एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४. गट साधारण सारखेच मोठे, उलट चाचणीचा गट थोडा जास्तच होता. म्हणजे आयुष्यात एकदा केलेल्या एका चाचणीने मरण जवळपास निम्म्यावर आलं. वाढलेल्या, हाताबाहेर गेलेल्या कॅन्सरचं तसंच: ८२ विरुद्ध ३९. आणखी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ज्यांची एचपीव्ही चाचणी 'नाही' आली, त्यांच्यात पुढच्या आठ वर्षांत हा कॅन्सर फारच कमी झाला. पॅप किंवा ॲसिडची तपासणी 'ठीक' आलेल्यांपेक्षा सुमारे चौपटीने कमी. विषाणूच नाही म्हटल्यावर पुढची बरीच वर्षं निर्धास्त राहता येतं.

इथे एक खटकणारी गोष्टही सांगायला हवी. चौथ्या गटातल्या बायांना तपासणीविना ठेवलं यावर पुढे बरीच टीका झाली. तेव्हा आपल्या खेड्यांत अशी तपासणी कुठेच नव्हती, त्यामुळे त्यांचं काही काढून घेतलं नाही, असं अभ्यास करणाऱ्यांचं म्हणणं होतं. मला टीका रास्त वाटते. पण ते ६४ आकडे आपल्याच भागातल्या बायांचे आहेत, आणि त्यांच्यामुळे जे कळलं ते निदान आपल्यापर्यंत तरी पोचलं पाहिजे. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की तिशीनंतर दर पाच ते दहा वर्षांनी एचपीव्ही चाचणी करावी. त्या सल्ल्यामागे जे अभ्यास आहेत, त्यात धाराशिवचा अभ्यास ठळक आहे.

आता तुम्ही म्हणाल, एचपीव्हीची चाचणी आमच्या पीएचसीत कुठे मिळते? खरं आहे, बहुतेक ठिकाणी अजून मिळत नाही. टीबीसाठी आलेलं ट्रूनॅटचं मशीन काही ताईंनी पाहिलं असेल; त्यावर चालणारी एचपीव्ही चाचणी आता देशातच बनते, त्यामुळे पुढे सोय वाढेल अशी आशा आहे. या चाचणीचा नमुना बाई आडोशाला जाऊन स्वतःच्या हाताने घेऊ शकते, ही त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट.

तोपर्यंत आपल्या हाताशी आहे ती ॲसिडची तपासणी, तिला 'व्हीआयए' म्हणतात. सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या बायांसाठी ती दर पाच वर्षांनी मोफत आहे. धाराशिवमध्ये ही तपासणी एकदाच केली तेव्हा तिचा फारसा परिणाम दिसला नाही. पण मुंबईत टाटा हॉस्पिटलने झोपडपट्टीतल्या दीड लाख बायांवर अभ्यास केला. त्यात निम्म्या बायांची दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा तपासणी केली, आणि त्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तपासणारे डॉक्टर नव्हते. दहावी शिकलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या बाया होत्या! म्हणजे ही तपासणी कामाची आहे, पण एकदा केली आणि विसरली असं चालत नाही. (व्हिनेगरमध्ये हेच ॲसिड असतं म्हणून कुणी घरी प्रयोग करू नका. एका सभेत हा प्रश्न खरंच आला होता.)

तपासणीत करतात काय? बाईला पाय दुमडून झोपवतात, योनीत एक साधन घालून पिशवीचं तोंड दिसेल असं करतात, कापसाच्या बोळ्याने औषध लावतात आणि एक मिनिट थांबतात. बिघडलेली जागा पांढरी होते. झालं. थोडं अवघडल्यासारखं होतं, दुखत नाही म्हटलं तरी चालेल. पाळीच्या दिवसांत जायचं नाही. आदल्या एक-दोन दिवसांत संबंध नको, आत ठेवायची गोळी नको. दिवस गेले असतील तर आधी सांगायचं. पिशवी आधीच काढलेली असेल तर जुने कागद घेऊन जा, कारण कधीकधी पिशवी काढतात पण तोंड तसंच ठेवतात.

पांढरा डाग दिसला म्हणजे कॅन्सर असं नाही. साध्या जंतुसंसर्गानेही तसं दिसतं. मग मोठ्या दवाखान्यात दुर्बिणीने बघतात, गरज वाटली तर छोटा तुकडा काढून तपासतात. तसंच, एचपीव्ही आहे असं निघालं म्हणून कुणाच्या चारित्र्यावर जायचं नाही. हा विषाणू वर्षानुवर्षं अंगात गप्प बसू शकतो. तो कधी आला, कुणाकडून आला, हे कुठलीही चाचणी सांगत नाही. घरात भांडण लागू नये म्हणून हे नवऱ्यालाही वाचून दाखवा.

परत पिशवीच्या ऑपरेशनकडे येते. २०१९ मध्ये सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायांची पाहणी केली. त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. अंगावरून पांढरं जाणं हे बहुतेक वेळा जंतुसंसर्गामुळे असतं आणि ते गोळ्यांनी बरं होतं. आपल्या एका गटातल्या ३४ वर्षांच्या ताईला तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात एका सोनोग्राफीवरून "पिशवी सडलीय" असं सांगितलं होतं. कर्जाचा अर्जही आला. अध्यक्षताई म्हणाल्या, आधी पीएचसीत दाखव. तिथे व्हीआयए ठीक आली, संसर्ग निघाला, तिला आणि नवऱ्याला गोळ्या दिल्या, ताई बरी आहे. तिशी-पस्तिशीत पिशवी काढताना बीजकोषही काढले तर पाळी लगेच जाते, हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयाचा त्रास वाढतो. ते कर्ज फेडायला पुन्हा कोयता हातात घ्यायचा तो याच कंबरेने.

उलट बाजूही आहे. आत खरंच कॅन्सर असेल आणि तपासणी न करताच साधं पिशवीचं ऑपरेशन उरकलं, तर आजार अर्धवट राहतो आणि पुढचा इलाज अवघड होतो. या कॅन्सरचं ऑपरेशन बहुतेक वेळा वेगळं, मोठं असतं. त्याबद्दलही नवं कळलं आहे. दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे चांगलंच, असं आपण धरून चालतो. २०१८ साली अनेक देशांतल्या ६३१ बायांचा अभ्यास छापून आला. लवकर सापडलेल्या कॅन्सरसाठी ज्यांचं ऑपरेशन पोट उघडून केलं, त्यातल्या शंभरपैकी ९९ जणी तीन वर्षांनी जिवंत होत्या. दुर्बिणीने केलेल्यांत ९४. डॉक्टरांनाही हा निकाल अपेक्षित नव्हता. गाठी, अंगावरून जास्त जाणं अशा बाकीच्या कारणांसाठी दुर्बीण ठीकच आहे, पण कॅन्सर असेल तर "उघडं की दुर्बिणीने, आणि का?" हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. कॅन्सरच्या उपचारांना महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा आधार मिळतो, तेव्हा कर्ज काढण्याआधी योजनेतल्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा.

मुलींच्या लशीबद्दल थोडक्यात. एचपीव्हीची लस निघाली आहे, पुण्याची सिरम कंपनीही ती बनवते. एक डोस पुरतो हे कळलं तेही भारतातच, जरा योगायोगाने. २००९ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात मुलींना दोन किंवा तीन डोस द्यायचे होते. २०१० मध्ये सरकारने लसीकरण थांबवलं आणि जवळपास पाच हजार मुलींचा एकच डोस झाला. दहा वर्षं लक्ष ठेवल्यावर दिसलं की त्या एका डोसचंही संरक्षण सुमारे ९५ टक्के आहे, कॅन्सर करणाऱ्या दोन मुख्य प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून. लस ९ ते १४ वयात सगळ्यात चांगली. आपल्या गावात कधी, कुठे मिळते ते सिस्टरला विचारा. लस घेतलेल्या मुलीलाही तिशीनंतर तपासणी करावीच लागते.

खालची लक्षणं असतील तर शिबिराची वाट बघू नका, त्याच आठवड्यात दाखवा: संबंधानंतर रक्त येणं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणं, घाण वासाचं पाण्यासारखं जाणं.

पुढच्या मासिक सभेसाठी प्रत्येक ग्रामसंघाने तीन गोष्टी कराव्यात. तिशीपुढच्या तायांची यादी करून आशाताईकडे सीबॅकचा फॉर्म भरला आहे का ते बघायचं. पीएचसीत व्हीआयए कोणत्या वारी होते आणि प्रशिक्षित सिस्टर आहे का, हे दोघीतिघींनी जाऊन विचारायचं. नसेल तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. आणि कर्ज समितीपुढे हा ठराव मांडायचा: पिशवीच्या ऑपरेशनसाठी अर्ज आला तर त्यासोबत व्हीआयए किंवा दुसऱ्या तपासणीचा कागद आणि दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला हवा. मात्र ज्या ताईला खूप रक्त जातंय, चक्कर येतेय, तिच्या आड हा ठराव येऊ द्यायचा नाही. तिला गाडीभाड्याचे पैसे त्याच दिवशी द्यायचे, कागद मागाहून.