आधी बाई, मग वही, मग टॅब

परवा तुला उपकेंद्राचा चार्ज देताना सगळं मोजून दिलं. वजनकाटा, बीपीचं यंत्र, व्हॅक्सिन कॅरिअर, रजिस्टरांची चळत, टॅब आणि त्याचा चार्जर. एक गोष्ट त्या यादीत लिहिता येत नव्हती, ती आता सावकाश सांगते. तू मोबाईल माझ्यापेक्षा भराभर चालवतेस, त्यामुळे बटणं कुठली दाबायची ते तुला शिकवायची गरज नाही. पण पोरी, नोंद चुकते ती बोटांमुळे नाही. विचारण्यात आणि ऐकण्यात चुकते.

माताबालकांच्या ऑनलाइन नोंदीचं एमसीटीएस आलं तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. पुढे आरसीएच पोर्टल आलं, मग अनमोल, कोविन, यू-विन. दर वेळी स्क्रीन बदलली. पहिल्यांदा पीएचसीतला डाटा ऑपरेटर म्हणाला, "सिस्टर, तुम्ही रजिस्टर ठेवून जा, मी भरून टाकतो." मी ठेवून गेले नाही. त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसले आणि माझ्याच गावातल्या दहा गरोदर मातांची नोंद माझ्या हातानं केली. तूही तेच कर. ओळखीच्या बायांची नोंद करताना चूक लगेच दिसते. दुसऱ्यानं भरलेल्या नोंदीतली चूक मात्र आढावा बैठकीतच कळते, आणि तोवर उशीर झालेला असतो.

क्रम मात्र कधी मोडू नकोस. आधी बाई, मग वही, मग टॅब. एका सत्राला गर्दी होती, वरून पेंडन्सीचे फोन येत होते, म्हणून मी मान खाली घालून थेट टॅबमध्ये भरत बसले. वजन सांग, वय सांग, पुढची ये. आशाताईंनी मला कोपरानं ढोसलं आणि डोळ्यांनी खाली दाखवलं. समोरच्या बाईच्या पायाच्या बोटांत जोडवी रुतून बसली होती, इतकी सूज. बीपी घेतलं तर 150/100. टॅबमध्ये सुजेला रकाना असतो गं, पण तो भरायला आधी पाय बघावे लागतात. त्या दिवसापासून मी बाईला तपासून, वहीत लिहून, मगच टॅब उघडत आले.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शेवटच्या पाळीची तारीख. एवढी एक तारीख टाकलीस की बाळंतपणाची तारीख, तपासण्यांच्या तारखा, सगळं टॅब स्वतः मांडतो. ती चुकली तर पुढचं सगळं चुकतं, आणि टॅब एका शब्दानं हटकत नाही. आपल्या बाया तारीख सांगत नाहीत, सण सांगतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी, घट उठले तेव्हा, संक्रांतीच्या वाणाला बसता आलं नाही. हे सांगणं अगदी पक्कं असतं, त्यावर विश्वास ठेव. पण सणाची तारीख डोक्यातून काढू नकोस, त्याच वर्षीचं कॅलेंडर उघड.

मी नेमकी तिथंच चुकले. 2023 च्या ऑक्टोबरात एक पहिलटकरीण आली. म्हणाली, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी पाळी आली होती. माझ्या डोक्यात आदल्या वर्षीची नागपंचमी बसलेली, 2 ऑगस्ट. मी 3 ऑगस्ट टाकली. 2023 ला अधिक श्रावण होता, नागपंचमी 21 ऑगस्टला आली होती. म्हणजे खरी तारीख 22 ऑगस्ट. टॅबनं बाळंतपण 10 मे ला मांडलं, ते हवं होतं 29 मे ला. पुढे पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळ तारखेच्या मानानं लहान दिसलं आणि घरच्यांनी बाळाची वाढ खुंटली असं धरलं. मी कॅलेंडर काढून बसले तेव्हा चूक सापडली. ती पोर तोवर आठवडाभर झोपली नव्हती. तिच्या घरी जाऊन मी तिला आणि तिच्या सासूला माझी चूक सांगितली, मग पीएचसीतून नोंद दुरुस्त करून घेतली. म्हणून सांगते, कॅलेंडर उपकेंद्राच्या भिंतीवर हवं, एक पिशवीत हवं, आणि गेल्या वर्षीचं टाकून द्यायचं नाही.

नावाचं तसंच. सासरी सुनीता, माहेरच्या आधारवर सुनिता, इंग्रजीत एकीकडे जाधव आणि दुसरीकडे जाधाव. पहिलं बाळंतपण माहेरी. तिथली सिस्टर नाव शोधते, सापडत नाही, नवीन नोंद करते. मग एकच बाई दोन ठिकाणी, आणि तुझ्या यादीत ती 'बाळंतपण झालं की नाही माहीत नाही' अशी लटकत राहते. माहेरी निघायच्या आधी तिच्या माता बाल संरक्षण कार्डावर आरसीएच नंबर ठळक लिहून दे आणि तिच्या आईलाही सांगून ठेव की हे कार्ड दाखवायचं.

मोबाईल नंबर घेताना 'नंबर सांग' एवढ्यावर थांबू नकोस, 'फोन कुणाचा आहे' ते विचार. आपल्याकडे दसरा-दिवाळी झाली की कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, कारखान्यावर जातात. कितीदा नंबर मुकादमाचा निघतो. ओटीपी त्याच्याकडे, बाई फडात, आणि तू इथे स्क्रीनकडे बघत बसलेली. त्यातून तिच्या तपासणीचा निरोपही मुकादमाच्या फोनवर जातो, हे मला कधीच पटलं नाही.

टीबीच्या पेशंटचं बँक खातं निक्षय पोर्टलवर भरतेस तेव्हा पासबुक हातात घेऊन भर, तोंडी ऐकून नाही. आयएफएससी कोडची 11 अक्षरं असतात आणि पाचवं नेहमी शून्य असतं, इंग्रजी ओ नव्हे. बँकांचं विलीनीकरण झाल्यावर जुने कोड बदलले, म्हणून पासबुक जुनं असेल तर बँकेत विचारून ये. पेशंटला पोषणाचे महिन्याला 500 रुपये होते, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. औषध चालू असताना त्यातून अंडी-शेंगदाणे येतात. एका अक्षरासाठी ते अडकलेले मी पाहिलेत.

रेंजची काळजी करू नकोस. वाडीवर मिळत नाही, मारुतीच्या पारापाशी मिळते. तिथं थांबून सिंक झालं का ते बघूनच घरी जा.

आणि एक. यादीचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही, कुणी साहेबांनी मागितला तरी. त्यात एचआयव्हीची तपासणी असते, गर्भपात असतो, लग्नाआधीची नोंद असते. बायांनी ते दार लोटून घेऊन, हळू आवाजात आपल्याला सांगितलेलं असतं. पासवर्डही रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर लिहू नकोस. मी पूर्वी लिहायचे, पुढे तो पुठ्ठा फाडून टाकला.

तुझ्या लाईन लिस्टमध्ये वरून तिसरं नाव बघ. वरच्या तांड्यावरची आहे, सहावा महिना, हिमोग्लोबिन 8. परवाच्या टोळीबरोबर कारखान्यावर गेली. नंबर तिच्या दिराचा आहे, तो संध्याकाळी सातनंतर उचलतो. सोमवारी फोन लाव आणि फोन तिच्याच हातात द्यायला सांग.