पूर ओसरल्यावर सरकारी अनुदान कसे येते? पावसाळ्याआधी वाचायचा पाठ

पोस्ट जरा लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा आणि नदीकाठच्या आपल्या नातेवाइकांना पाठवा.

गेल्या रविवारी अशोका गार्डनच्या कार्यालयात बैठक झाली. नर्मदाकाठच्या एका ताईंनी विचारलं, "पुरानंतर सरकार कोटी-कोटी जाहीर करतं, मग आमच्या हातात काय येतं?" प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळीत देता येईना, म्हणून हा पाठ.

आधी आपलीच चूक सांगतो. २०२० च्या ऑगस्ट अखेरीस नर्मदेला मोठा पूर आला. तवा, बरगी, बारणा या धरणांचे दरवाजे उघडले होते. होशंगाबादला (आताचं नर्मदापुरम) सेठाणी घाटावर धोक्याची पातळी ९६७ फूट आहे, पाणी त्याच्या बरंच वर गेलं. आपली मासेमारी बंदी १५ ऑगस्टला संपते. म्हणजे दोन महिने रिकामे बसून लोकांनी जाळी नुकतीच पाण्यात टाकली होती आणि दोन आठवड्यांच्या आत पूर आला. आपल्या एका काकांची नाव आणि जाळं दोन्ही वाहून गेलं. पटवारी पंचनाम्याला आले तेव्हा साधा प्रश्न निघाला: नाव होती याचा पुरावा काय? काकांनी आपल्या संस्थेचं नाव सांगितलं. आमच्या रजिस्टरात काकांचं नाव होतं, भागभांडवल होतं, पण नावेची नोंदच नव्हती. घराच्या पडझडीची मदत मिळाली, नाव-जाळ्याची नाही. तेव्हाच्या केंद्राच्या दराने पूर्ण नष्ट नावेचे ९,६०० आणि जाळ्याचे २,६०० असे १२,२०० रुपये गेले. काकांनी व्यापाऱ्याकडून उचल घेतली आणि पुढे दोन हंगाम तो देईल त्या भावाने मासळी दिली. ही चूक संस्थेची होती. ती पुन्हा होऊ नये म्हणून पुढचं नीट वाचा.

१. पैसा एका पेटीतून येत नाही

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी राज्यांच्या आपत्ती निधीचे भाग पाडून दिले. शंभर रुपये धरा. त्यातले ४० तातडीच्या मदतीला, ३० पुन्हा उभारणीला, १० तयारी आणि प्रशिक्षणाला, आणि २० पुढचा धोका कमी करायला. बहुतेक राज्यांत, आपल्या मध्य प्रदेशातही, यात केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के. आपण सगळे फक्त पहिल्या ४० रुपयांच्या मागे धावतो. उरलेल्या साठ रुपयांबद्दल गावात कोणी विचारतच नाही.

२. पहिली पेटी : तातडीची मदत

ही मदत आपल्या राज्यात राजस्व पुस्तक परिपत्रक ६(४) प्रमाणे तहसीलमधून मिळते. लोक त्याला "आरबीसी सहा-चार" म्हणतात. केंद्राने २०२२-२३ ते २०२५-२६ साठी ठरवलेले दर असे:

– नाव पूर्ण नष्ट : १५,००० रुपये
– नाव अंशतः खराब : ६,००० रुपये
– जाळं पूर्ण नष्ट : ४,००० रुपये
– जाळं अंशतः खराब : ३,००० रुपये
– मत्स्यबीज केंद्र : हेक्टरी १०,००० रुपये
– घर पूर्ण पडलं (मैदानी भाग) : १,२०,००० रुपये

राज्याचा चालू दर तहसीलमध्ये विचारून घ्या. आणि एक अट लक्षात ठेवा: याच पुरासाठी नाव-जाळ्याची मदत दुसऱ्या सरकारी योजनेतून घेतली असेल, तर इथून पुन्हा मिळत नाही.

पंधरा आणि चार मिळून एकोणीस हजार झाले. त्यात नवी नाव होत नाही हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. ही मदत म्हणजे भरपाई नव्हे. घरातली चूल पुन्हा पेटावी, एवढ्यापुरती ती असते. म्हणूनच पुढच्या दोन पेट्या समजून घ्यायला हव्यात.

३. दुसरी पेटी : पुन्हा उभारणी

हा पैसा सहसा माणसाच्या खात्यात थेट येत नाही. तो गावाच्या कामाला येतो: रस्ता, पूल, घाट, शाळा, पाणी, घरं, उपजीविका. मोठ्या आपत्तीत आधी "गरजांचं मूल्यमापन" होतं. काय मोडलं आणि ते पुन्हा उभं करायला किती लागेल, हे खात्यावार लिहिलं जातं. त्यावर राज्य केंद्राकडे मागणी करतं.

वेळ किती लागतो ते बघा. हिमाचलात २०२३ च्या पावसाळ्यात पूर आणि दरडी आल्या. त्यांच्या पुनर्उभारणीसाठी २,००६.४० कोटींचा आराखडा केंद्राने जून २०२५ मध्ये मंजूर केला, त्यात केंद्राचा वाटा १,५०४.८० कोटी. म्हणजे जवळजवळ दोन वर्षं गेली. सिक्कीममध्ये ऑक्टोबर २०२३ ला हिमनदीचा तलाव फुटून तीस्ता नदीला पूर आला, तिथेही ५५५.२७ कोटी याच मार्गाने मंजूर झाले.

यातून आपल्यासाठी धडा असा: दोन वर्षांनी पैसा येतो तेव्हा तो कागदावर असलेल्या कामांना मिळतो. पुराच्या वेळी आपल्या मासळी उतरवण्याच्या घाटाचं नुकसान कुणी लिहिलंच नसेल, तर त्याला पैसा कुठून येणार? रस्ता लिहायला बांधकाम खातं आहे, शाळा लिहायला शिक्षण खातं आहे. आपला घाट, नावा बांधायची जागा, जाळी वाळवायचा ओटा हे लिहून द्यायचं काम आपलंच आहे.

४. तिसरी पेटी : पुढचा पूर सोसायची तयारी

वीस टक्क्यांची ही पेटी पूर येण्याआधीची आहे. काठ धसण्यापासून वाचवणं, गावापर्यंत इशारा वेळेवर पोचवणं, अशी कामं त्यात येतात. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात (२००५ चा कायदा). ग्रामसभेचा ठराव घेऊन अर्ज त्यांच्याकडे द्यायचा. दूरच्या गावांनी हे जास्त करायला हवं, कारण तिथपर्यंत अधिकारी शेवटी पोचतात आणि पंचनामा होईपर्यंत चिखलही वाळून गेलेला असतो.

५. नावेसाठी आणखी एक वाट

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० ला सुरू झाली. तिच्या वैयक्तिक लाभाच्या कामांत अनुदान सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि अनुसूचित जाती, जमाती व महिलांना ६० टक्के असतं. पारंपरिक मच्छीमारांच्या नाव-जाळ्याचा त्यात समावेश आहे. अर्ज मत्स्य खात्याच्या जिल्हा कार्यालयात. पण वरची अट विसरू नका. एकाच पुराच्या नुकसानीसाठी दोन्हीकडे हात घालू नका, कोणता मार्ग आपल्याला परवडतो ते आधी ठरवा. संस्थेत या, आपण बसून हिशोब करू.

६. आता काय करायचं?

१६ जूनला बंदी लागते. त्याआधी प्रत्येक सभासदाने एवढं करावं:

– नावेचा आणि जाळ्याचा फोटो, स्वतः शेजारी उभं राहून. फोटोत गाव ओळखू येईल असं काहीतरी असू द्या, घाट, मंदिर किंवा झाड.
– नाव-जाळं घेतल्याची पावती. पावती नसेल तर बांधणाऱ्या सुताराचं लेखी.
– आधार, समग्र आयडी, बँक पासबुक यांच्या प्रती. तिन्हीकडे नावाचं स्पेलिंग एकच आहे का बघा. पैसा बऱ्याचदा इथेच अडकतो.
– हे सगळं संस्थेच्या नवीन नाव-जाळं रजिस्टरात नोंदवून सही करा. एक प्रत तुमच्याकडे, एक आमच्याकडे. घरची प्रत पुरात गेली तरी इथली राहील.

पूर आलाच तर पाणी उतरताच, साफसफाई करायच्या आधी फोटो काढा. पंचनाम्याच्या वेळी हजर राहा आणि त्यात नाव, जाळं वेगवेगळं लिहिलंय का ते वाचून मगच सही करा. वाचता येत नसेल तर पोराला, सुनेला बोलवा, लाजू नका. नोंद राहिली तर तहसीलमध्ये लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तरीही काम अडलं तर मंगळवारची जनसुनवाई आहे, १८१ ची हेल्पलाइन आहे.

त्या काकांनी यंदा रजिस्टरात पहिली नोंद केली. सही करताना एवढंच म्हणाले, "मागच्या वेळी हे पान असतं तर." आमच्याकडे त्यावर उत्तर नव्हतं.

येत्या प्रत्येक रविवारी कार्यालय उघडं आहे. कागद घेऊन या, चहा आमच्याकडे.

संस्थेच्या वतीने,
सचिव