कचऱ्याचे खत

भाजीची देठे, केळ्यांच्या साली, देव्हाऱ्यातील शिळी फुले आणि अंगणातला पालापाचोळा हे सारे काही दिवसांपूर्वी झाडावरच होते. झाडांनी जमिनीतून जे घेतले, ते अजून त्यांत आहे. रानात पाने गळतात, कुजतात आणि मातीचे मातीला मिळते. शहरात मात्र हा ऐवज कचरापेटीत जातो व त्याचे डोंगर उभे राहतात. अशा डोंगराच्या पोटात हवा पोचत नाही. तेथे ओला कचरा सडून मिथेन नावाचा ज्वालाग्राही वायू तयार होतो. मुंबईत देवनार येथे १९२७ सालापासून कचरा साठत आला. २०१६ सालच्या जानेवारीत तेथे लागलेली आग कित्येक दिवस धुमसत होती. धुरामुळे शाळाही बंद ठेवाव्या लागल्या.

हवेवाचून सडणे वेगळे आणि हवेत कुजणे वेगळे. दोन्ही कामे सूक्ष्म जीवच करतात. परंतु हवेत वाढणारे जीव दुर्गंधी पसरवीत नाहीत. आल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने इंदूर येथे काडीकचरा व शेण यांपासून खत करण्याची पद्धत बसविली. ढीग अधूनमधून उलटून त्याला हवा देणे, हे तिचे एक मर्म होय. यशवंत वाड या सहकाऱ्यासह त्यांनी तिच्यावर लिहिलेले पुस्तक १९३१ साली प्रसिद्ध झाले.

शेतातला ढीग घराच्या सज्जात मावणार नाही. तत्त्व मात्र मावते. त्यासाठी वीस लिटरांची झाकणाची जुनी बादली पुरते. तिच्या तळाला व बाजूंना पेन्सिलीएवढी भोके वडील माणसांकडून पाडून घ्यावीत. बादली दोन विटांवर ठेवून खाली ताटली ठेवावी, कारण थोडे पाणी ठिबकतेच. तळाशी नारळाच्या शेंड्यांचा चार बोटे थर द्यावा आणि दुधाला विरजण लावावे तसे त्यावर दोन मुठी जुने खत टाकावे.

मग रोजचा ओला कचरा बारीक करून टाकावा व प्रत्येक वेळी त्याच्या दुप्पट सुका पाला वर पसरावा. आळशी माणूस नेमका येथेच फसतो. ओले तेवढे टाकतो, पाला उद्यावर ढकलतो आणि चार दिवसांत चिलटे जमली की बादलीला दोष देतो! मासळी, मांस व तेलकट उष्टे मुळीच घालू नये. तीनचार दिवसांनी सारे काठीने खालीवर करावे. मूठभर कचरा दाबला असता पाणी गळले, तर पाला वाढवावा. तो भुरभुरला, तर पाणी शिंपडावे.

मोठा ढीग साठ अंशांपर्यंत तापतो व त्यात तणाचे बी मरते. बादली जेमतेम कोमट होते. म्हणून बी धरलेले गवत तीत टाकू नये. बादली भरली की झाकून ठेवावी आणि दुसरी सुरू करावी.

बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, असे जुने लोक म्हणत. या बादलीला दोनतीन महिने पुरतात. आतील वस्तू ओळखू येईनाशा झाल्या, रंग काळसर झाला आणि पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास आला, म्हणजे खत तयार झाले. ते चाळून, तिप्पट मातीत मिसळून तुळशीच्या कुंडीत घालावे. चाळणीवर उरलेल्या काड्या नव्या बादलीत विरजणाला चालतात.