जबड्यातील नांगी कशी भरतात?



विंचूर गटात खोडव्याची पाहणी करताना एका सभासदांनी आम्हाला बांधावरच थांबवले. तंबाखूचा बार ठेवायच्या जागी तीन महिने न भरणारी जखम. जबड्याचा तुकडा काढावा लागेल, असे डॉक्टर म्हणाले. "हाडच काढलं तर भाकर खायची कशानं, साहेब?" या धास्तीने ते घरी बसले होते. म्हणून हा विषय आम्ही समजून घेतला.

कर्करोग हाडाच्या कडेपर्यंतच असेल तर कड तासतात, जबडा अखंड राहतो. रोग हाडात शिरला असेल तर आरपार तुकडा काढावा लागतो. ती जागा तशीच सोडली तर हनुवटी एका बाजूला सरकते, दातावर दात बसत नाही.

नुसती धातूची पट्टी कालांतराने तुटू शकते किंवा कातडीतून वर येते. कमरेचे सुटे हाड लहान फटीत धरते. पण फट मोठी असली किंवा पुढे शेक द्यायचा असला तर बहुधा टिकत नाही, कारण त्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. खोडव्यात नांग्या भरताना नुसती कांडी टोचली तर ती मागे पडते, मातीच्या गोळ्यासह पिशवीतले रोप लावले तर धरते. तसेच हे आहे.

न्यूयॉर्कचे डॉ. हिडाल्गो यांनी १९८९ साली पायाचे हाड जबड्यासाठी वापरल्याचे प्रसिद्ध केले. नडगीशेजारचे हे बारीक हाड शरीराचे वजन फारसे पेलत नाही. गुडघ्याजवळचे व घोट्याजवळचे टोक राखून मधला भाग रक्तवाहिन्या व कातडीच्या तुकड्यासह काढतात. जबड्याच्या वळणाप्रमाणे कापून तो पट्टी-स्क्रूने बसवतात. मग दोन-तीन मिलिमीटरच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली मानेतील वाहिन्यांना जोडतात. पहिले काही दिवस कातडीच्या रंगावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात. ती निळी किंवा पांढरी पडली तर ताबडतोब पुन्हा टाके उघडावे लागतात.

सगळे पूर्वीसारखे होतेच असे नाही. तोंड उघडण्याचा व चालण्याचा व्यायाम नेटाने करावा लागतो. दात पुढे बसवता येतात, पण सर्वांनाच नाही. मात्र खाणे-बोलणे बऱ्याच अंशी परत मिळते.

मुंबईत १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात अशा शस्त्रक्रिया होतात. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करावी.

तोंडातील जखम, पांढरा वा लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही तर लगेच दाखवा. जितके लवकर जाल तितके हाड कमी जाईल. आणि चुन्याची डबी आजच बांधावर टाकून द्या.

— ऊस विकास अधिकारी