व्हँकूव्हरचे टोटेम खांब: कुठे फुकट, कुठे तिकीट?

मुलांकडे व्हँकूव्हरला गेलात तर टोटेम खांब बघितल्याशिवाय परतू नका. सीडरच्या अख्ख्या खोडात कोरलेले गरुड, अस्वल, देवमासे म्हणजे पूजेच्या मूर्ती नव्हेत. ती किनाऱ्यावरच्या मूलनिवासी घराण्यांची कुलचिन्हं आहेत. खालचे दर अंदाजे आहेत. निघण्याआधी संकेतस्थळावर तपासा. कॅनडाचा एक डॉलर साधारण ६० ते ६५ रुपयांना पडतो.

स्टॅनली पार्क: ब्रॉकटन पॉइंटला ९ खांब उघड्यावर उभे आहेत. तिकीट नाही. गाडी नेलीत तर पार्किंगचे पैसे पडतात, म्हणून बसनेच जा.

मानववंशशास्त्र संग्रहालय (ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठ, यूबीसी): प्रौढांना सुमारे २६ डॉलर, ज्येष्ठांना थोडं कमी. गुरुवारी संध्याकाळी पाचनंतर निम्मा दर. आत बिल रीड यांचं 'द रेव्हन अँड द फर्स्ट मेन' जवळून बघा: कावळ्याच्या पंखांखाली शिंपला आणि त्यातून डोकावणारी माणसं, कुणी भेदरलेलं, कुणी बाहेर पडायला उतावीळ. हेच शिल्प २००४ च्या २० डॉलरच्या नोटेवर होतं. मागच्या आवारातली हैडा या मूलनिवासी समाजाची घरं रीड आणि डग क्रॅनमर यांनी उभारली. ती बाहेरून बघायला पैसे लागत नाहीत.

बसभाडं: एका वेळचे सव्वातीन डॉलरच्या आसपास, ९० मिनिटं चालतं. ६५ च्या पुढच्यांनी सवलतीचं कंपास कार्ड काढावं. बँकेचं कार्ड टेकवलं तर पूर्ण भाडं कापलं जातं.

व्हिक्टोरिया: फेरीबोटीचे माणशी, एका बाजूचे १९-२० डॉलर, बस वेगळी. थंडरबर्ड पार्क फुकट आहे. तिथलं मूलनिवासी शिल्पकार मंगो मार्टिन यांचं घर १९५३ मध्ये पॉटलॅच करून खुलं झालं. देण्याघेण्याच्या या समारंभावर १८८५ पासून १९५१ पर्यंत सरकारी बंदी होती. ते घर बघताना हे ध्यानात ठेवा.

यूबीसीच्या संग्रहालयाचा दोघांचा हिशेब: गुरुवारी संध्याकाळी तिकिटं २६ आणि जाऊन-येऊन बस १३, म्हणजे सुमारे ४० डॉलर, अडीच हजार रुपये. इतर वेळी दोन प्रौढांना ६५ डॉलर लागतील.

वाचलेल्या पैशांतून आठवण घ्यायची असेल, तर वस्तूवर कलाकाराचं आणि त्याच्या समाजाचं नाव आहे का ते आधी बघा. नाव नसेल तर ती परत ठेवा. ज्या घराण्यांची ही चिन्हं आहेत, त्यांच्याच हाती पैसा जायला हवा.